खेळातून कमाई नव्हे, खेळातून शिक्षण

गरीब घरांतील किशोरांना गेमिंग स्पर्धांच्या ओढीने ब्लॉकचेन (एकमेकींत गुंफलेल्या, गुपचूप बदलायला अवघड अशा डिजिटल नोंदींची साखळी) शिकवावे, हा मुद्दा मला पटतो. मात्र टोकन (विकता येणारे डिजिटल नाणे) कमावणे आणि तंत्र शिकणे यांत गल्लत होऊ नये. 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' या ब्लॉकचेनवरच्या खेळात कित्येकांनी उसन्या पात्रांवर खेळून कमाई केली, पण पुढे टोकनचा भाव कोसळला आणि मार्च २०२२ मध्ये त्याच्या रोनिन ब्रिजवरून (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारा दुवा) ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. त्यापेक्षा प्रत्येक सामन्याच्या निकालाचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून ठरावीक सूत्राने निघणारी खूण) मुलांनीच काढावा. गुणसंख्येतला एक आकडा बदलताच अंक-अक्षरांची ती ६४ चिन्हांची ओळ पार बदलते, आणि पुढच्या नोंदीत आधीचा हॅश गुंफलेला असेल तर जुना निकाल गुपचूप फिरवणे का अवघड, हे पंचाशी हुज्जत घालण्यात मुरलेल्या पोरांना लगेच उमगते. त्यासाठी ना टोकन लागते, ना ते ठेवायचे डिजिटल पाकीट, म्हणजे वॉलेट. जुना संगणकही पुरतो.