नवऱ्याने मारलं म्हणून बहिणाबाई संत झाली?

शाहूपुरीकर: (चौधरी नव्हेत, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई, 1628-1700.) परवा साताऱ्यात एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, "नवऱ्याचा जाच नसता तर हे अभंग झालेच नसते." टाळ्या पडल्या. मला नाही पटलं. आत्मचरित्रपर अभंगांत तिनेच सांगून ठेवलंय. तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराशी लग्न. कोल्हापुरात वासरू सोबत घेऊन कीर्तनाला जायची. कीर्तनकार जयराम स्वामींनी तिच्या आणि वासराच्या डोक्यावर हात ठेवला. ते कानावर गेलं तसं नवऱ्याने वेणीला धरून मारलं, वर बांधून घातलं. वय अकराच्या आसपास. याला प्रेरणा म्हणायचं?

तिचं हे वाचा:
वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगतीं हित नोहे ॥
मी तों सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैंची ॥

लोक याला रडगाणं समजतात. मला तर यात वेदांनाच घातलेला पेच दिसतो. बाईचा संग सोडा म्हणता, मग जी मुळात बाईच आहे तिने कुणाचा संग सोडायचा?

घाटमाथा: ताई, पेच वगैरे आपण आज काढतो. त्याच बाईने नवरा हाच परब्रह्म असेही अभंग लिहिलेत, ते का गाळता? शिवाय तोच नवरा पुढे बदलला आणि तिच्यासोबत देहूला गेला. सतराव्या शतकातल्या बाईला स्त्रीवादी ठरवायची घाई कशाला?

शाहूपुरीकर: गाळत नाही. पोटुशी बायको टाकून तो संन्यासाला निघाला होता. ते अभंग त्याच सुमाराचे आहेत. जायचं कुठे होतं तिने? माहेरची माणसंही त्याच घरात होती.

खटावचा माणूस: जयराम स्वामींचं वडगाव आमच्याच तालुक्यातलं, म्हणून लिहितो. कीर्तनात वासराची गोष्ट अर्धा तास रंगवतात, मार मात्र एका वाक्यात उरकतात. नवऱ्याच्या संतापात पुरुषीपणा होता तशी जातही होती, हे कुणी बोलत नाही. वेदपाठी ब्राह्मणाची बायको तुकोबांसारख्या शूद्राला गुरू मानते! देहूत तुकोबांना छळणाऱ्या मंबाजीने तिलाही छळलंच. पुढे ब्राह्मण कोणाला म्हणावं यावर वज्रसूची या जन्मावरच्या जातीला आव्हान देणाऱ्या संस्कृत ग्रंथाच्या आधाराने तिनेच अभंग लिहिले. हा धागा नुसता नवरा-बायकोचा करू नका.

घाटमाथा: हे पटलं. पण दुःखाशिवाय कविता होत नाही, हेही खरंच ना?

शाहूपुरीकर: मग आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई घ्या. 'काव्यफुले' 1854 चं. बाहेर शेणगोळे झेलले, घरात जोतीराव पाठीशी उभे. मुलींनो शिका, हे त्यांना उघड लिहिता आलं. बहिणाबाईला तेच आडवळणाने, वेदांच्या आडून बोलावं लागलं. माराने झालं ते एवढंच. मारणाऱ्याला कवितेचं श्रेय देणं म्हणजे वर त्याचाच सत्कार.

खटावचा माणूस: सत्कारावरून आठवलं. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं नव्हती का? तिथेच विचारायचं होतं.

शाहूपुरीकर: होती की. माईक पुढच्या तीन रांगांत फिरला, बायका मागे बसल्या होत्या.

घाटमाथा: आता यातही पुरुषांचा कट का? 😄 तरी परब्रह्मवाले अभंग तिने मनापासून लिहिले असतील ही शक्यता तुम्ही धरतच नाही, यावर मी ठाम आहे.