मदत हवी आहे : कॅनमधलं ॲल्युमिनियम कुठलं, पत्रा कुठला?

नमस्कार मंडळी,

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सुका कचरा न्यायला येणाऱ्या ताई कोल्ड्रिंक-बिअरचे कॅन वेगळे काढून भंगारात विकतात. ते पैसे त्यांचे. पण भंगारवाला दर वेळी "यात पत्रा मिसळलाय" म्हणतो आणि अख्ख्या पोत्याचा भाव पाडतो. ॲल्युमिनियमला पत्र्याच्या कितीतरी पट भाव असतो, त्यामुळे हे मला फार लागतं. आता आम्ही काही जणी कॅन निवडूनच देणार आहोत.

फ्रिजवरचं लोहचुंबक लावून पाहिलं. बहुतेक कॅनना चिकटत नाही. अडलंय ते एका परदेशी कॉफीच्या कॅनपाशी : चुंबक अंगाला घट्ट बसतं, झाकणाला मात्र अजिबात नाही. हा कुठल्या ढिगात टाकू? झाकण कापायचं का? वरच्या कड्या तोडून वेगळ्या साठवाव्यात असं काही जण म्हणतात, ते करावं का? आणि कॅन चेपून द्यावेत का?

प्रतिसाद १

तो कॅन पत्र्याचा आहे, फक्त झाकण ॲल्युमिनियमचं. लोखंडाच्या ढिगात टाका. झाकण कापू नका, हात कापेल. पोलाद करताना त्यातला ऑक्सिजन काढायला ॲल्युमिनियम घालतातच, तेव्हा तेवढ्या झाकणाने काही बिघडत नाही. चुंबक नेहमी कॅनच्या अंगाला लावा. रसगुल्ले, अननसाच्या चकत्या यांचे डबे बहुधा कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असतात, तेही इकडेच.

कड्या मुळीच तोडू नका. ॲल्युमिनियमच्या कॅनमध्येही अंग आणि झाकण यांचा मिश्रधातू वेगळा असतो : अंगात मँगनीज आणि मॅग्नेशियम साधारण एकेक टक्का, झाकणात मॅग्नेशियम चार-साडेचार टक्के, कारण उघडताना झाकणावर जोर येतो. भट्टीवाले त्याचा हिशोब धरूनच माल घेतात. सुट्या कड्या मात्र इतक्या बारीक की वाटेत सांडतात.

प्रतिसाद २

भंगारात काम केलंय, म्हणून सांगतो. आधी कॅन उलटे करून पूर्ण निथळू द्या. वितळलेल्या धातूत पाणी गेलं की स्फोट होतो, म्हणून ओल्या मालाला कुणीही नाक मुरडतं. हाताने निवडणार असाल तर चेपायला हरकत नाही, पण नवीन गिऱ्हाईक असेल तर पहिलं पोतं न चेपता दाखवा. चेपलेल्या कॅनमध्ये वाळू भरल्याचा संशय घेतात.

आणि वजनावर लक्ष ठेवा. ३३० मिलीचा ॲल्युमिनियमचा रिकामा कॅन साधारण १३ ग्रॅम भरतो, म्हणजे किलोला पंचाहत्तरच्या आसपास. ताईंना कॅन मोजून द्या. दीडशे कॅन देऊन काटा दीड किलो दाखवत असेल, तर भांडायला त्यांच्याकडे आकडा असेल.

चिप्सची पाकिटं आणि टेट्रापॅक यात नकोत, त्यांतलं ॲल्युमिनियम प्लास्टिक-कागदात अडकलेलं असतं. डिओचे बरेच डबेही चुंबकाला चिकटत नाहीत, पण आत गॅस राहिलेला असू शकतो. ते वेगळ्या पिशवीत, न चेपता.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मोजून द्यायचं डोक्यातच आलं नव्हतं, पिशवीवर आकडा लिहूनच देऊ. एक राहिलं : बिअरचे ५०० मिलीचे कॅन किलोला किती बसतात? आमच्याकडे तेच जास्त निघतात.