सांगली-मिरजेत पीएमआरचे डॉक्टर हवेत (फिजिओ आहेत, ते नकोत)

द्राक्षबागवाला
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांना (वय ६७) मार्चमध्ये पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. मिरजेत दहा दिवस अ‍ॅडमिट होते. जीव वाचला, बोलणंही बरंच सुधारलं. आता पाच महिने होत आले. काठी धरून घरातल्या घरात चालतात, पण चवडा उचलत नाही, घासत येतो. उंबऱ्याला अडखळून दोनदा पडले. हाताची मूठ इतकी घट्ट वळते की नखं कापायला दोन माणसं लागतात.

फिजिओथेरपिस्ट एक दिवसाआड घरी येतात. न्यूरोचे डॉक्टर म्हणतात व्यायाम चालू ठेवा. पुण्याचा मेव्हणा म्हणतो पीएमआरच्या डॉक्टरला दाखव. हे कोण असतात? तासगावजवळ राहतो, लांब नेणं अवघड. गावात येईल तो पारव्याचं रक्त चोळायला सांगतोय, म्हणून इथं विचारतोय.

कृष्णाकाठ
मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! सिव्हिलमध्येच चौकशी करा की.

हळदीकुंकू
दादा, सासऱ्यांचं आमच्याकडे हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. हे एमबीबीएस होऊन पुढे त्यातच एमडी किंवा डीएनबी केलेले डॉक्टर. औषध, इंजेक्शन, स्प्लिंट, व्यायाम असं सगळं मिळून ठरवतात. व्यायाम करून घेणारे फिजिओ वेगळे. आम्ही आठ महिने हा फरकच कळला नाही म्हणून वाया घालवले. 'रिहॅब सेंटर' अशी भली मोठी पाटी बघून एका ठिकाणी गेलो, तर आत नुसतं शेकायचं मशीन. पाटी बघू नका, नावापुढची पदवी बघा.

शेवटी ज्यांना दाखवलं त्यांनी आधी एमआरआय बघितलाच नाही. सासऱ्यांना व्हरांड्यात चालायला लावलं आणि त्यांची चप्पल उलटी करून बघितली. उजव्या चपलेचं पुढचं टोक पार झिजलेलं. म्हणाले, पोटरीचा स्नायू आखडून पाऊल खाली ओढतोय, नुसत्या ताकदीच्या व्यायामानं हे सुटणार नाही. पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं (हो, तेच, सुरकुत्यांचं!) आणि पायाचं माप घेऊन एएफओ स्प्लिंट (पाऊल खाली पडू न देणारा, घोट्याला आधार देणारा पट्टा) करवून दिला. तो चपलेत मावत नाही, मापानं मोठा बूट घ्यावा लागतो, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. इंजेक्शन महाग आहे, गुण साधारण तीन महिने राहतो, आणि त्या काळात व्यायाम जोरात केला तरच पैसे वसूल. मूठ सोडवायलाही हातात देतात.

डॉक्टरांचं नाव व्यनित (खासगी निरोपात) कळवते.

वाकडी_काठी
मी स्वतः फिजिओ आहे. शीर्षक वाचून रागावलो नाही :) ताईंचं बरोबर आहे, स्नायू फार आखडला की आम्ही कितीही ताणलं तरी तासाभरात पुन्हा तेच. दोन गोष्टी सांगतो. अण्णांना उठवताना दुखऱ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. निम्म्या पेशंटांचे खांदे घरच्यांच्या प्रेमानंच दुखावलेले असतात. आणि बॅक्लोफेन (आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी) चालू असेल, तर झोप येते म्हणून परस्पर बंद करू नका.

कृष्णाकाठ
मग मोठ्या हॉस्पिटलात फोन करताना विचारायचं काय?

वाकडी_काठी
"फिजिओथेरपी आहे का" असं विचारू नका, हो म्हणून मोकळे होतात. "पीएमआरचे एमडी डॉक्टर आहेत का, ओपीडी कोणत्या वारी" असं विचारा. मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज, सांगलीतलं भारती, कराडचं कृष्णा, तिन्हीकडे फोन करून मगच गाडी काढा. मुंबईत हाजी अलीला याच विषयाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे, १९५५ पासूनची. पण अण्णांना एवढ्या लांब न्यायची आत्ता गरज दिसत नाही.

निवृत्त_लिपिक
विषय थोडा वेगळा, पण राहून जातो. सहा महिने झाले की युडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा. बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासणीला डिस्चार्ज कार्ड न्या, झेरॉक्स आणि मूळ दोन्ही. मूळ विसरलात की परत खेप.

हळदीकुंकू
मुठीत मऊ रुमालाची गुंडाळी ठेवत जा दादा, नाहीतर तळहाताला नखं रुततात. आतला घाम रोज पुसा. सासऱ्यांच्या तळव्याला जखम होऊन वास यायला लागला तेव्हा आम्हाला कळलं.

द्राक्षबागवाला
ताई, व्यनि मिळाला. आत्ताच बघितलं, तळहाताला दोन ठिकाणी लाल वण आहेत. रुमाल ठेवलाय. अण्णा म्हणतात, मुठीत काय दडवलंय असं लोक विचारतील.

मंगळवारचा नंबर लागलाय. आईनं नवी चप्पल काढून ठेवली होती, मी ती आत ठेवून जुनीच पिशवीत घातलीय.