मदत हवी आहे: पासिंगच्या आधी डेंटिंग करून घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आमची एमएच 15 (नाशिक) पासिंगची जुनी वॅगन आर. पुढच्या महिन्यात 15 वर्षं पूर्ण होतात, म्हणजे फॉर्म 25 भरून, पर्यावरण कर भरून 5 वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवायचं. गाडी पेठ रोडला आरटीओत दाखवावी लागणारच.

गेल्या आठवड्यात द्वारका सर्कलला एक रिक्षा घासून गेली. (कायम वाहनांची गर्दी असलेली द्वारकाच ती, आणखी काय होणार!) डाव्या फेंडरला पोचा, बंपरची क्लिप तुटून एक टोक लोंबतंय. हेडलाइट लागतो, पण हलतो. रंगाचे ओरखडे तर आधीपासूनच आहेत.

एक गॅरेजवाला म्हणतो पूर्ण बाजू रंगवा, नाहीतर फेल करतील. मला ते पटत नाही. हेडलाइट आणि बंपर घट्ट बसवणं समजू शकतो, पण नुसत्या पोच्यासाठी कोणी गाडी परत पाठवतं का? खरी धास्ती दाराखालच्या पत्र्याची आहे. तिथे गंज लागून बोटभर भोक पडलंय. वेल्डिंग करून घेऊ की पुट्टीवर भागेल?

अलीकडे कोणी जुनी गाडी रिपासिंग केली असेल तर सांगा. सातपूर-अंबडकडे रास्त दरात काम करणारा डेंटर असल्यास तेही कळवा.