शेवंतीला अंधारही लागतो
दिवाळी तोंडावर आली तरी कडेच्या वाफ्यातील शेवंतीला कळी नाही, तेव्हा खत वाढवावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते खताआधी रात्री तेथे किती उजेड पडतो, ते पाहावे. शेवंती बहुवर्षायू असली तरी दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागल्यावरच ती कळी धरते. आमच्या फाटकावरील दिव्याखालची दोन झाडे नुसती पानांनी माजली होती, आणि चार हातांवर भिंतीच्या आडोशाला असलेली मात्र कळ्यांनी लगडली होती. शेंडे खुडणेही ऑगस्टअखेर थांबवावे (हा मोह मलाही आवरत नाही), अन्यथा शेंड्यांबरोबर कळ्याही जातात. बहर सरल्यावर झाड वीतभर ठेवून छाटावे आणि बुडातून येणारे फुटवे मुळांसकट वेगळे करून लावावेत.