पोलंडची नोकरी, जर्मनीचे काम : वेतन कोणत्या दराने?

प्रश्न (भांडुप) : धाकटा भाऊ पोलंडमधील कंपनीत वेल्डर असून पाच महिन्यांपासून जर्मनीतील बांधकामावर आहे. पगारपत्रकात मूळ दर पोलंडचाच असून, खोलीभाड्याची भरपाई मिळवून आकडा जर्मनीच्या दराइतका दाखवला आहे. हे नियमात बसते का?

उत्तर (दादर) : नाही. 30 जुलै 2020 पासून लागू झालेल्या दुसऱ्या देशात कामावर पाठवलेल्या कामगारांविषयीच्या सुधारित युरोपीय निर्देशानुसार (युरोपीय संघाच्या सदस्य देशांना बांधील कायद्यानुसार) जिथे काम, तिथले बंधनकारक वेतन द्यावे लागते आणि प्रत्यक्ष निवासखर्चाची भरपाई त्यात धरता येत नाही.

उत्तर (ठाणे) : अशा कामगारांच्या हक्कांच्या अंमलबजावणीसाठीच्या 2014 च्या युरोपीय निर्देशामुळे तक्रार जर्मनीतच, परतल्यानंतरही करता येते आणि बांधकामात मुख्य कंत्राटदारालाही किमान वेतनासाठी जबाबदार धरता येते. खरी अडचण पुराव्याची. तासांची नोंद भावाकडे आहे का?

प्रश्नकर्ता : मुकादमाचे रोजचे व्हॉट्सअॅप संदेश त्याने जपले आहेत.