मदत हवी आहे: बघत राहणाऱ्या मुलांशी कसं बोलायचं?

मी सातवीची वर्गशिक्षिका आहे, वर्गात ४८ मुलं. एका मुलाला तिघं जण दोन महिने सतत त्रास देतायत, चिडवणं, डबा लपवणं, आता मधल्या सुट्टीत ढकलाढकली पण. परवा त्याच्या वहीचं शेवटचं पान बघितलं तर त्याला चिडवायचं नाव सात-आठ वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं, म्हणजे प्रकरण तिघांपुरतं नाहीच. पोटात गोळा आला अगदी.

केलेले प्रयत्न सांगते. आधी दोघा बाजूंना समोरासमोर बसवून माफी मागायला लावली, ती माझी चूक झाली, कारण हे दोन मित्रांचं भांडण नाही, एका बाजूला ताकद जास्त आहे, नंतर त्याला उलट जास्तच त्रास झाला. जागा बदलल्या, फरक नाही. तक्रारपेटी ठेवली पण चिठ्ठी कोण टाकतंय ते सगळ्यांना दिसतं, म्हणून रिकामीच. पालकांना आणि मुख्याध्यापकांना माहितीये. शाळेत समुपदेशक नाही, आणि वर्गात आपलं नाव निघू नये असं त्या मुलाने स्वतः सांगितलंय. तिघांना शिक्षा करा हा सल्ला प्लीज नको, तो भाग वेगळा चालू आहे.

फिनलंडच्या किवा (शाळेतली दादागिरी रोखण्याचा) कार्यक्रमात बघ्या मुलांवर, म्हणजे त्रास नुसता बघत राहणाऱ्यांवर, खास भर देतात असं वाचलंय, ते मला पटतं. आठवड्याला एक तास मिळू शकतो. कुणी असं वर्गात केलंय का? पहिल्या तासाला नेमकं काय घेतलंत, म्हणजे त्या मुलाकडे कुणाचं बोट न जाता बाकीची मुलं बोलती होतील?